मोहाचे सर्वांत धाकटे झाड

एका ठिकाणी एका जातीच्या झाडांची संख्या वर्षानुवर्षे तेवढीच भरत असेल, तर ती झाडे तिथे सुरक्षित आहेत असे म्हणता येईल का? हे लेखन मी या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हाती घेतले. अकरा वर्षे मी वर्गात त्याचे उत्तर ‘होय’ असे देत आले होते. ते उत्तर कसे चुकले, ते घडले त्या क्रमाने सांगते.

मी लोणखेड्याला राहते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत विज्ञान शिकवते. शहाद्याहून जीप निघते, ती शेवटच्या वळणाशी सोडते, आणि तिथून शाळेपर्यंत पायी चालावे लागते. शाळेचे कुंपण आणि खालचा ओढा यांच्यामध्ये मोहाची झाडे आहेत. या शाळेवर रुजू झाले त्या पहिल्याच मार्चमध्ये मी सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन ती मोजली. समष्टी शिकवायची होती. एका ठिकाणी, एका काळात राहणारे एकाच जातीचे सारे सजीव म्हणजे समष्टी, अशी व्याख्या मी फळ्यावर लिहिली होती. आता ती मुलांना डोळ्यांनी दाखवायची होती. आमची मोजणी बेचाळीस भरली.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी चुलीपाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या पाड्यावरच्याच. घरी त्यांची भाषा वेगळी. आमच्याशी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात शिकलेली मराठी बोलत.

“मॅडम, किती झाली?”

“बेचाळीस.”

“एकेचाळीस,” त्या सुपातून वर न बघता म्हणाल्या. “कुंपणाजवळचे दोन तुम्ही वेगळे धरले असतील. ते दोघे भाऊ आहेत, खाली एकच पाय आहे.”

मी जाऊन पाहिले. खोड जमिनीपासून हातभर उंचीवर दुभंगले होते. मुलांसमोर मी चूक मान्य केली, आकडा खोडून एकेचाळीस लिहिला आणि त्याखाली सही केली. तेव्हापासून दर मार्चला आमची मोजणी झाली आणि दर वर्षी ती एकेचाळीस भरली. जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत एकाखाली एक तोच आकडा. मला त्या रकान्याचा अभिमान वाटे. समष्टी चार गोष्टींनी बदलते, असे मी शिकवत असे: जन्म, मृत्यू, बाहेरून येणे आणि बाहेर जाणे. “झाडे येत-जात नाहीत,” मी मुलांना सांगे, “म्हणून शेवटची दोन कारणे खोडा. उरले जन्म आणि मृत्यू. संख्या स्थिर आहे, म्हणजे दोन्ही समान आहेत.” मुले खोडत. वाक्य नीटनेटके होते. त्यात दोन चुका होत्या.

मावशी मला चिडवत. “मेंढरं मोजावी तशी झाडं मोजता दर साली. पळून जातात काय रात्रीतून?” घरी सासूबाईंचाही तोच सूर होता. आमच्या घरात अहिराणी बोलली जाते. मार्चमध्ये मी उशिरा परतले, पायांत कुसळे घेऊन, की त्या विचारत, “माय, तू शाळामा पोरे शिकाडाले जास का झाडे मोजाले?”

अकराव्या वर्षी, मे महिन्यात, सुट्टी चालू असताना वादळ आले आणि ओढ्याच्या काठचा एक मोह मुळासकट आडवा झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच्या मुळांचा गड्डा माझ्या डोक्याहून उंच उभा होता आणि त्याखालच्या खड्ड्यात पाणी साचले होते. पाड्यावर प्रत्येक झाडाला नाव आहे. हा ‘कुबडा’. तो मावशींच्या वाट्याचा होता. इथे मोहाचे झाड कुणी तोडत नाही. ती घराघरांत वाटलेली असतात आणि दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कुणी उचलत नाही. मावशींच्या घराकडे पाच झाडे होती. आता चार राहिली.

त्या दिवशी भात उतरवल्यावर मावशी नोंदवही ठेवलेल्या कपाटाशी येऊन उभ्या राहिल्या. वर्गात त्या सहसा येत नसत.

“मॅडम, तुमच्या वहीत बघून सांगा. सगळ्यात धाकटा मोह कुठला?”

“कशासाठी, मावशी?”

त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांच्या घरात मूल जन्मल्यावर पहिल्या मोहाच्या हंगामात त्याला एका झाडाखाली टोपलीत बसवतात आणि त्याच्या तळहातावर एक फूल ठेवतात. ते झाड त्या मुलाचे. मुलगी असली तरी. लग्न होऊन ती दुसऱ्या पाड्यावर गेली, तरी त्या झाडाची एक टोपली दर हंगामात तिच्याकडे पोचते. मावशींना हिवाळ्यात नात झाली होती. मार्चमध्ये तिला कुबड्याखाली बसवले. मेमध्ये कुबडा पडला.

“माझीच चूक,” मावशी म्हणाल्या. “म्हाताऱ्याच्या हातात पोर दिली. आता तिला तरणं झाड पाहिजे. तिच्यासंगं वाढेल असं. घरात कुणी बोलत नाही, पण सून रोज त्या खड्ड्याकडे बघते.”

मी वही उघडली. अकरा वर्षांची नोंद होती आणि प्रत्येक ओळीत तोच आकडा. एकाही झाडाची जाडी नव्हती, उंची नव्हती, वयाचा अंदाज नव्हता. त्यांच्या साध्या प्रश्नाला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

“मोजून सांगते,” मी म्हणाले.

“परत मोजता?” त्या हसल्या, पण वळून गेल्या नाहीत.

मी घरून शिवणकामाची फीत आणली, दीडशे सेंटिमीटरची. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि मावशी एकेका झाडापाशी गेलो. छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची आणि मी आकडा लिहायचा, असे ठरले होते. पहिल्या झाडाला फीत पुरली नाही. दुसऱ्यालाही नाही. मी बारीक झाडे आधी घेऊ म्हणाले, आणि मावशींनी मला पाड्यावरच्या सर्वांत बारीक समजल्या जाणाऱ्या झाडाकडे नेले. त्यालाही पुरली नाही. दोन टोकांमध्ये माझा पंजा मावेल एवढे अंतर राहिले. उरलेल्या चाळीस झाडांपैकी एकालाही ती फीत पुरली नाही. आकडा लिहिण्याची वेळच आली नाही.

मावशींच्या सासूबाई अंगणात उन्हाला बसलेल्या असत. त्यांना आपले वय माहीत नव्हते. त्या बारीक झाडाविषयी मावशींनी त्यांना त्यांच्या भाषेत विचारले. म्हातारीने बोळक्या तोंडाने काहीतरी सांगितले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणतात, मी लग्न होऊन आले तेव्हा ते फुलत होतं. तेव्हाही त्याला धाकटंच म्हणत.”

सर्वांत धाकट्या झाडाहून लहान असलेल्या माणसांनी तो पाडा भरलेला होता. मी ओढ्याकडे पाहिले. झाडे हिरवीगार होती. नुकतीच फळे गळून गेली होती, पोपट ओरडत होते, आणि पाहणाऱ्याला काहीही उणे दिसले नसते. मला मात्र तिथे उभे राहवेना. ज्या गावात घरे भरलेली आहेत, चुली पेटलेल्या आहेत, आणि कुठेही एकही पाळणा नाही, तसे ते वाटले.

माझी पहिली चूक मला तिथे कळली. मोह फार जगतो आणि त्याला कुणी तोडत नाही, म्हणून मृत्यू जवळजवळ शून्य होते. जन्मही शून्य होते. शून्य आणि शून्य समान असतात. माझे गणित बरोबर होते. समष्टीला संख्येबरोबर वयाची रचनाही असते, ही गोष्ट मी मुलांना माणसांच्या बाबतीत शिकवत होते. झाडांना ती लावून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

तरी ऑगस्टमध्ये मला आशा वाटली. पाड्यावरचे लोक बिया तेलासाठी वेचतात. त्यातून सुटलेल्या बिया कुंपणाजवळच्या ‘दोन भावां’च्या खाली रुजल्या होत्या. तांबूस पानांची, बोटभर उंचीची रोपे. मोहाची बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहत नाही. त्याच पावसात रुजली तर रुजली, नाहीतर मेली. मी प्रत्येक रोपाशेजारी काडी रोवली आणि काडीला जुन्या साडीची चिंधी बांधली. त्रेसष्ट चिंध्या झाल्या.

“बघा मावशी, नातीला निवडायला त्रेसष्ट.”

मावशींनी वाकून रोपांवरून हात फिरवला. “पोरं पुष्कळ होतात, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पुढचं सांगा.”

ऑक्टोबरमध्ये चिंध्या त्रेसष्ट होत्या, रोपे सव्वीस. बकऱ्या येऊन गेल्या होत्या. जानेवारीत नऊ उरली. ती आता वीतभर झाली होती, पाने जाड झाली होती. नऊ पुरेत, असे मी स्वतःला समजावले.

त्याच हिवाळ्यात दुसरी चूक कळली. एक प्रश्न मला सतावत होता: सगळी रोपे झाडाच्या अगदी खालीच का? दूर, बांधावर, ओढ्यापलीकडे एकही का नाही? मावशींनी ओढ्याच्या वळणाकडे बोट केले. तिथे पूर्वी एक फार मोठा वड होता आणि त्यावर वटवाघळांची वस्ती होती. ती मोहाचे फळ तोंडात धरून दुसरीकडे नेत, गर खात आणि बी टाकून देत. “सकाळी आम्ही शेतात जायचो तर बिया पडलेल्या असायच्या. इकडे, तिकडे, पार वरच्या टेकडीवर.” रस्ता रुंद झाला तेव्हा वड गेला. वटवाघळे कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. झाडे येत-जात नाहीत, असे मी अकरा वर्षे मुलांना खोडायला लावले होते. ती येत-जात होती, दुसऱ्याच्या तोंडातून. एका ठिकाणच्या निरनिराळ्या जातींच्या समष्टी एकमेकींना धरून राहतात, त्या सगळ्यांना मिळून समुदाय म्हणतात. मी एकच जात मोजत होते आणि तिला धरून असलेला हात कधीच सुटला होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस मला प्रशिक्षणासाठी आठवडाभर नंदुरबारला जावे लागले. गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडलेल्या, सभागृहात अर्धे शिक्षक खोकत होते. विषय होता ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’. मी नीट टिपणे काढली. सोमवारी सकाळी शाळेवर परतले, तेव्हा वळणावरूनच कुंपणाजवळ जमीन काळी दिसली.

इथे मोहाची फुले वेचण्याची पद्धत सांगायला हवी. फूल पहाटे गळते आणि जमिनीवरून एकेक वेचावे लागते. मार्चच्या आधी झाडाखाली वाळलेल्या पानांचा थर साचलेला असतो. त्यात फूल हरवते. म्हणून फुले गळू लागण्यापूर्वी घरातले कुणीतरी तो पाला तिथेच पेटवून देते. दहा मिनिटांत जमीन स्वच्छ होते. खोडाला धग लागत नाही. हे पिढ्यानपिढ्या चालले आहे आणि त्यात कुणाला काही वावगे दिसत नाही. मलाही दिसले नव्हते. ‘दोन भाऊ’ शाळेच्या हद्दीत येतात, त्यामुळे त्यांच्या खालची जागा आमची.

मी धावत गेले नाही. मला आठवते, मी चालतच गेले. राख थंड होती. काड्या जळून गेल्या होत्या. एक चिंधी अर्धी शिल्लक होती, निळ्या काठाची. खोडांना गेरू आणि चुन्याचा ताजा पट्टा दिला होता.

“कुणी जाळलं?” मी वर्गात विचारले. आवाज चढला असावा. एका मुलीने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे वर्षभराच्या कामांचा तक्ता लावला होता. प्रत्येक महिन्यासमोर वर्गाचे काम. फेब्रुवारीसमोर लिहिले होते: ‘सातवी. झाडांखालील पाला गोळा करून जाळणे. खोडांना चुना-गेरू देणे.’ तक्ता आठ वर्षांपूर्वीचा होता. अक्षर माझे होते, वळणदार, एकाही शब्दाला खाडाखोड नसलेले. मुलांनी मॅडम नसतानाही काम चुकवले नव्हते.

एखाद्या वर्षी असे घडले असते तर त्याला अपघात म्हटले असते. मी असे आठ फेब्रुवारी महिने मोजले. म्हणजे पावसात रुजलेले प्रत्येक रोप, बकऱ्यांतून वाचलेले, थंडीतून वाचलेले, आठही वर्षे माझ्या हस्ताक्षरातल्या त्या ओळीपाशी येऊन संपले होते. त्याच्याही आधी तिथे जाळतच होते. तेव्हा मात्र पाड्यावर घरे थोडी आणि झाडे बरीच होती, असे म्हातारी सांगते. काही झाडांखाली कुणी जातच नसे. आता एकही झाड बिनमालकाचे नाही, म्हणून एकाही झाडाखालची जमीन आगीतून सुटत नाही.

मावशी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. मला वाटले, त्या रागावतील.

“नऊही?”

“नऊही.”

“आम्हीपण परवाच जाळलं,” त्या म्हणाल्या. “चारही झाडांखाली. तिथं काही उगवलं होतं का, ते मी वाकून बघितलंसुद्धा नाही. शाळेतली नऊ तेवढी आपली, असंच धरून बसले होते.”

त्या पावसात आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. जिथे पाला जळला होता तिथून पाणी काळपट होऊन वाहिले आणि झाडाखाली मुळे उघडी पडली. पाला म्हणजे झाडाने मातीला परत केलेले अन्न. किडे, वाळवी आणि बुरशी ते कुजवतात आणि मुळे ते पुन्हा वर ओढतात. सजीव, माती, पाणी, ऊन आणि त्यांच्यातली ही देवाणघेवाण, या सगळ्याला मिळून परिसंस्था म्हणतात. ती व्याख्या मी फळ्यावर लिहिताना त्या वर्षी थांबले. ओढ्याचे पाणी गोमाईत जाते, गोमाई तापीत. सारंगखेड्याच्या पुलावरून गढूळ तापी पाहिली, की त्यात आमच्या फेब्रुवारीचा थोडा अंश असावा, असे आता वाटते. किती, ते मी मोजलेले नाही.

आणि कुबडा का पडला, याचेही उत्तर कदाचित त्या उघड्या मुळांत असेल. तेही मी सिद्ध केलेले नाही. मात्र वादळानंतर मी बाकीच्या झाडांची मुळे पाहिली आहेत, आणि ओढ्याकाठच्या आणखी तिघांची तशीच उघडी आहेत.

यंदा आम्ही तीन गोष्टी केल्या. तक्त्यावरची ओळ मी मुलांसमोर खोडली आणि शेजारी सही केली. मावशींनी ‘दोन भावां’पासून थोडे दूर, कुबड्याच्या बुजलेल्या खड्ड्याजवळ, बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि आत बिया टोचल्या. फुलांसाठी पाला न जाळता त्यांनी आपल्या चार झाडांखाली जुन्या साड्या आणि एक फाटकी हिरवी जाळी अंथरली. शेजारणींनी त्यांची मनसोक्त थट्टा केली. “मोह आता पलंगावर झोपतो वाटतं!” एकीने मराठीत म्हटले, मला कळावे म्हणून. मावशी म्हणाल्या, “झोपू दे. तुझा जमिनीवर भाजतो.” पण ‘दोन भाऊ’ सोडून बाकीच्या पस्तीस झाडांखाली नेहमीप्रमाणे जाळले गेले. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात शाळेच्या पायरीवरून पाहिले तर टेकड्यांवर जागोजागी धुराच्या सरळ रेषा उभ्या होत्या. प्रत्येक रेषेच्या खाली एक झाड होते, आणि प्रत्येक झाड पुढच्या पंधरवड्यात भरभरून फुलले. फुले कधी कमी पडली नाहीत. भीती वाटावी असे काही असेल, तर ते हेच आहे.

मी हे लोणखेड्याला सासूबाईंना सांगितले.  त्या आमच्या शेताच्या बांधावरच्या निंबाविषयी म्हणाल्या, “तो निंब मन्ही सासूना येळना शे.” मी विचारले, सासूच्या काळातल्या त्या निंबानंतरचा कुठला? त्यांनी बांधाकडे हात केला आणि तो तसाच खाली आणला. “आते बांधवर तणनाशक मारतस. तठे काय उगी?” दुसऱ्या दिवशी मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बांध स्वच्छ होता.

काट्यांच्या कुंपणात आज दोन रोपे आहेत. वीतभर. मावशींची नात आता चालते. गेल्या आठवड्यात ती कुंपणाशी आली, काट्यांतून हात घालून एक पान ओढू लागली, आणि मावशींनी तिला इतक्या जोरात मागे खेचले की ती रडू लागली.

“ह्यातलं हिचं कुठलं?” मी विचारले.

“जे राहील ते.” मग नातीला कडेवर घेत त्यांनी विचारले, “मॅडम, दोन म्हणजे किती? तुम्ही शिकलेल्या.”

मी हिशेब केला होता. हे रोप फुलायला दहा वर्षे लागतील, कदाचित अधिक. तेव्हा ही मुलगी याच शाळेच्या वरच्या वर्गात असेल. तोपर्यंत दहा मे महिने येतील, आणि चाळीस झाडांपैकी एकही तरुण नाही. मी त्यांना आकडा सांगितला नाही. “कमी आहेत,” एवढेच म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि कुंपणाच्या फटीत आणखी एक काटेरी फांदी खोचली.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे: नाही. संख्या तेवढीच भरते यावरून ती टिकेल असे म्हणता येत नाही. तिच्यातले सर्वांत धाकटे कोण आणि किती वयाचे, हे पाहावे लागते. माझी पाहणी एका पाड्याची, एका जातीची आणि थोड्या वर्षांची आहे. तीत मी पूर्वी चुकले आहे आणि आताही चुकत असेन. म्हणून वाचकांना विनंती करते की माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या झाडापाशी जा, मोह असो, आंबा असो, निंब असो वा चिंच. त्याच्या भोवती त्याच जातीचे सर्वांत धाकटे झाड शोधा, त्याचे वय घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, आणि उत्तर स्वतः लिहून ठेवा.